रक्ताचा कागद आणि बेडक्याची डबी



मागच्या खेपेला आपण माती परीक्षणाचा कागद कसा वाचायचा ते पाहिले. सामू म्हणजे काय, क्षारता किती असावी, सेंद्रिय कर्ब कमी आला तर काय करावे, याविषयी बोललो. आज दुसऱ्या एका कागदाबद्दल लिहितो. तो आहे रक्त तपासणीचा.

तुम्ही म्हणाल, शेतीखात्याच्या माणसाला रक्ताशी काय करायचे? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. आणि डॉक्टर नसताना डॉक्टरकी केली म्हणजे काय होते, तेच आज सांगायचे आहे. चूक माझी आहे. ती झाल्यावर मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे बसून हा विषय नीट समजून घेतला. तोच तुमच्यापुढे ठेवतो.

२०२४ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते. बीजप्रक्रिया दाखवायला मी एका वस्तीवर गेलो होतो. तिथले एक शेतकरी माझ्या वीस वर्षांच्या ओळखीचे. नाव सांगत नाही, आपण त्यांना तात्या म्हणू. वय पंचावन्नच्या आसपास. पेरणी चालू असताना तात्या बांधावर बसून आहेत, हे मी कधी पाहिले नव्हते. सदरा अंगावर लोंबत होता. मांडीवर चार वर्षांचा नातू शेंगा सोलत बसला होता.

तात्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तालुक्याच्या गावी एका ठिकाणी रक्त तपासून आणले होते. म्हणाले, "साहेब, तुम्ही मातीचा कागद वाचता, हा पण वाचा की."

मी वाचला. हिमोग्लोबिन ८.९. त्याखाली ईएसआर ७२. ईएसआर म्हणजे काय, हे मला धड ठाऊक नव्हते. जे ठाऊक होते त्यावर बोट ठेवले आणि म्हणालो, "तात्या, रक्त कमी आहे. गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, लोहाच्या गोळ्या घ्या. हुशारी येईल."

तात्यांच्या घरच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "तेच म्हणते मी भाऊ, अशक्तपणाच आहे." त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून दिसते. लेकीचे लग्न वैशाखात ठरले होते. तात्यांना दसऱ्यापासून खोकला होता. माझ्यासमोर ते चार वेळा खोकले. घरात जो शब्द कुणी काढत नव्हते, तो मीही काढला नाही. "रक्त कमी" हा शब्द सगळ्यांना सोयीचा होता. आणि तो एका बीएस्सी झालेल्या साहेबाच्या तोंडून आला होता.

पान पिवळे म्हणजे हुमणी नव्हे

आता असा विचार करा. तुमच्या उसाचे पान पिवळे पडले. कारण काय? नत्र कमी असेल, पाणी साचले असेल, लोह कमी पडले असेल, मुळाला हुमणी लागली असेल. पान एवढेच सांगते की पीक दुखणाईत आहे. का, ते सांगत नाही. हुमणी आहे की नाही हे पाहायचे तर बुंध्याशी खुरप्याने उकरावे लागते. अळी हाती लागली म्हणजे मग शंका उरत नाही.

फुफ्फुसाच्या क्षयाचे असेच आहे. क्षयाचे जंतू फुफ्फुसात घर करतात. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने ते जंतू २४ मार्च १८८२ रोजी जगापुढे मांडले. ते शोधायचे तर छातीतून निघालेला बेडका तपासावा लागतो. रक्ताचा कागद म्हणजे पिवळे पान. तो दुखणे दाखवतो, अळी दाखवत नाही.

तरीही पान पाहणे वाया जात नाही. जाणत्याला त्यातून पुष्कळ कळते. म्हणून तात्यांचाच कागद पुन्हा एकदा ओळीने वाचू.

हिमोग्लोबिन

पुरुषाचे १३ च्या वर आणि बाईचे १२ च्या वर असावे. फुफ्फुसाचा क्षय झालेल्या निम्म्याहून अधिक रोग्यांत ते कमी आढळते. पण ही कमतरता नेहमीच्या कमतरतेसारखी नसते, आणि मी फसलो तो इथेच.

चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, हे तुम्ही जाणता. जमिनीत लोह नसते असे नाही. असते, पण सामू ८ च्या वर गेला की ते मुळाला मिळत नाही. पिवळेपणा येतो. क्षयात शरीर असेच काहीसे करते, आणि मुद्दाम करते. क्षयाच्या जंतूलाही वाढायला लोह लागते. ते त्याच्या हाती पडू नये म्हणून शरीर आपले लोह कणगीत घालून वर झाकण लावते. यकृतातून हेपसिडिन नावाचा एक स्राव वाढतो. तो आतड्यातून येणारे लोह अडवतो आणि साठ्यातले बाहेर सोडत नाही. शत्रूची रसद तुटते, पण त्यात आपलेही रक्त तयार व्हायचे थांबते.

म्हणून अशा माणसाने नुसता गूळ खाल्ला, लोहाच्या गोळ्या घेतल्या, तरी हिमोग्लोबिन फारसे हलत नाही. हलले, थोडी हुशारी वाटली, तर ते अधिकच वाईट. कारण आतले दुखणे झाकले जाते आणि दिवस निघून जातात. उलट क्षयाचे औषध सुरू झाले म्हणजे कणगीचे झाकण आपोआप उघडू लागते. वेगळे लोह द्यायचे की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मी ठरवायला नको होते.

ईएसआर

नळीत रक्त भरून उभे ठेवतात आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. तरण्या पुरुषात साधारण १५ पर्यंत आणि बाईत २० पर्यंत ठीक. वय वाढते तसा तोही थोडा वाढतो.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की मातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि भराभर तळाशी बसतात. अंगात दाह असला म्हणजे रक्तात काही प्रथिने वाढतात आणि तीच तुरटीचे काम करतात. पेशी एकमेकींना चिकटून भाकरीच्या चवडीसारख्या रचल्या जातात आणि लवकर खाली बसतात. क्षयात हा आकडा ६०, ८०, शंभराच्या वरही जातो.

पण नीट ध्यानात घ्या. संधिवातात तो वाढतो, साध्या न्यूमोनियात वाढतो, गरोदरपणात वाढतो, नुसते रक्त कमी असले तरी वाढतो. आणि क्षय असूनही काही जणांत तो वाढलेला नसतो. म्हणून "ईएसआर जास्त आला, क्षयच आहे" हे खोटे, आणि "ईएसआर चांगला आला, काळजी नको" हेही खोटे. सीआरपी नावाची दुसरी एक तपासणी असते. तीही दाहच मोजते. तिच्याबद्दलही हेच समजा.

बाकीच्या ओळी

पांढऱ्या पेशी साधारण ४ हजार ते ११ हजार असतात. अंगात जंतू म्हणजे त्या वाढणारच, असे आपल्याला वाटते. क्षयात त्या पुष्कळदा ठीकच असतात किंवा जराशा वाढतात. "पेशी बरोबर आहेत" म्हणून खोकला अंगावर काढू नये.

प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात म्हणून त्यांचे नाव आता गावोगाव झाले आहे. क्षयात त्या पुष्कळदा वाढतात. दाह उतरला म्हणजे त्याही उतरतात.

अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन साडेतीनच्या खाली गेले तर दुखणे जुने झाले आहे आणि खाणे अंगी लागत नाही, असे समजावे. फार घटले तर पायावर सूज येते. रक्तातले सोडियम १३५ च्या खाली जाणे हेही क्षयात होते. माणूस सुस्तावतो, क्वचित भ्रमिष्टासारखे बोलतो. तशा वेळी घरी मीठपाणी पाजत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.

"रक्तातून टीबी" काढणारे

काही ठिकाणी पूर्वी रक्तातली प्रतिद्रव्ये पाहून क्षय आहे की नाही हे सांगण्याच्या तपासण्या चालत. लोक हजार-हजार रुपये मोजत. त्यांचे निकाल इतके बेभरवशाचे निघाले, की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नका असे सांगितले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. आजही कुणी तशी तपासणी करून देतो म्हणाला, तर त्याच्यापासून दूर राहा.

इग्रा नावाची रक्त तपासणी वेगळी. तिच्यावर बंदी नाही. पण ती एवढेच सांगते की क्षयाचा जंतू कधी तरी अंगात शिरला आहे. जमिनीत तणाचे बी आहे म्हणजे रान तणाने भरले असे नव्हे. पुष्कळांच्या अंगात तो जंतू जन्मभर निपचित पडून राहतो. रोग्याच्या घरातल्या माणसांना प्रतिबंधक औषध द्यायचे का, हे ठरवायला ती कामाला येते. रोग ठरवायला ती पुरी पडत नाही.

मग खुरपे कोणते?

खुरपे म्हणजे बेडक्याची तपासणी. दोन आठवडे खोकला, दोन आठवडे बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, यांतले काहीही असले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डबी मागा. तपासणी फुकट आहे.

डबीत तोंडातली लाळ थुंकायची नाही. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याने चूळ भरा, उघड्यावर उभे राहा, दोन-तीन वेळा छाती भरून श्वास घ्या आणि खोलवर खाकरून घट्ट बेडका काढा. डबीचे झाकण घट्ट लावा. बेडका देताना जवळ दुसरे माणूस, विशेषतः लेकरू, उभे करू नका. माती परीक्षणाचा नमुना बांधावरून घेतला तर निकाल बांधाचा येतो, शेताचा नाही. तसेच हे.

पूर्वी सूक्ष्मदर्शकाखालीच बेडका पाहत. त्यात एका मिलिलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असले तरच ते नजरेस पडत. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे आहे. ही यंत्रे थोड्या जंतूंचाही माग काढतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही सांगतात. जोडीला छातीचा फोटो काढतात.

तात्यांचे पुढे काय झाले

मी फेब्रुवारीत पुन्हा त्या वस्तीवर गेलो. हरभरा काढणीला आला होता. तात्या बाजेवर होते. गूळ-शेंगदाणे चालू होते, टॉनिकच्या तीन बाटल्या रिकाम्या होऊन कोनाड्यात उभ्या होत्या. वजन ४४ किलो. बेडक्यातून रक्त पडू लागले होते. मी काही न बोलता त्यांना गाडीत बसवून आरोग्य केंद्रात नेले. दुसऱ्या दिवशी निकाल आला. क्षय. सुदैवाने औषध लागू पडणारा.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात लहान मूल आहे का?"

नातवाला आणले. त्याला पंधरा दिवस बारीक ताप होता, मानेत गाठी आल्या होत्या. घरच्यांना वाटले, दात किडल्यामुळे असेल. तपासण्या झाल्या आणि त्यालाही औषध सुरू झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तीन महिने. त्या तीन महिन्यांत ते पोर आजोबांच्या मांडीवर बसत होते, आणि मी गुळाचा सल्ला देऊन मोकळा झालो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. लेकरू औषधाने बरे झाले, हे त्याचे नशीब. माझा त्यात काही मोठेपणा नाही.

रक्त तपासणी खरी कामाला येते ती नंतर

रोग ठरला म्हणजे रक्ताची किंमत वाढते. पहिली गोष्ट साखरेची. मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पटींनी जास्त असतो, आणि साखर ताब्यात नसेल तर क्षयही लवकर हटत नाही. म्हणून प्रत्येक क्षयरुग्णाची साखर पाहतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेहाची शंका घेतात. मात्र तापाच्या दिवसांत साखर तात्पुरतीही चढते, म्हणून ती पुन्हा तपासतात. क्षयाच्या औषधाने मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो. तेव्हा दोन्ही औषधे दोन्ही डॉक्टरांना दाखवा. एचआयव्हीची तपासणीही सगळ्यांचीच करतात. त्यात संशयाने बिचकण्यासारखे काही नाही.

दुसरी गोष्ट यकृताची. क्षयाच्या औषधांचा भार यकृतावर पडतो. दारू पिणारा, वयस्कर किंवा आधीच कावीळ झालेला माणूस असेल तर अधिक. म्हणून बिलिरुबिन आणि एसजीपीटी पाहतात. एसजीपीटी साधारण ४० पर्यंत असते. औषध चालू असताना ते थोडे वाढले तरी बहुतेकदा औषध तसेच चालू ठेवतात. फार वाढले तर डॉक्टर औषध थांबवून पुन्हा बेताने सुरू करतात. तुमचे काम एवढेच की मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे होणे यांतले काही दिसले तर पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी, दवाखाना गाठायचा. काविळीचे गावठी औषध घेऊन घरी बसायचे नाही. आणखी एक. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते. ती कावीळ नव्हे, औषधाचा रंग आहे. लघवीवरून घाबरू नका, आरशात डोळे पाहा.

तिसरी गोष्ट युरिक ॲसिडची. पहिल्या दोन महिन्यांत पायराझिनामाइड नावाचे औषध असते. त्याने युरिक ॲसिड वाढते आणि सांधे दुखतात. कागदावर ८ किंवा ९ आकडा पाहून लोकांना वाटते, हा नवा रोग झाला, आणि ते सगळेच औषध सोडतात. दोन महिन्यांनी ते औषध बंद झाले की आकडा उतरतो. दुखणे डॉक्टरांना सांगा, त्याला वेगळी गोळी मिळते. मधेच औषध सोडणे म्हणजे अर्धी फवारणी करून पंप बाजूला ठेवणे. कीड मरत नाही, निर्ढावते.

साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. औषध फुकट मिळते. जोडीला खाणे हवे. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. रोग्याच्या घरच्या माणसांना पुरेसे धान्य, डाळ मिळाली तर त्यांच्यात नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. म्हणजे डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे हे सगळे खरेच आहे. पण औषधाच्या जोडीला, औषधाच्या जागी नव्हे. याचसाठी निक्षय पोषण योजनेत रोग्याच्या बँक खात्यात महिना १,००० रुपये जमा होतात. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. आरोग्य केंद्रात नाव नोंदवताना खाते क्रमांक द्यायला विसरू नका.

आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. ज्यांना रोग नाही त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषधही केंद्रात मिळते.

तात्यांचे औषध ऑगस्ट २०२५ मध्ये पुरे झाले. हिमोग्लोबिन ११.८, ईएसआर २०, वजन ५१. पण डॉक्टरीणबाईंनी या आकड्यांवर त्यांना सोडले नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आणि औषध संपताना बेडका तपासला, जंतू नाहीत असे पाहिले, मगच "बरे झालात" म्हणाल्या.

लग्नाचे विचाराल. चैत्रात तात्या स्वतः व्याह्यांकडे गेले आणि सगळे सांगून आले. व्याही थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आईलाही झाला होता. औषध वेळेवर घ्या म्हणजे झाले." लग्न ठरल्या दिवशी लागले. जो शब्द काढायला आम्ही सगळे भ्यालो, तो काढल्यावर काहीच मोडले नाही. न काढल्यामुळे मात्र एक पोर आजारी पडले होते.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशातला आहे. तेव्हा तुमच्या-माझ्या वस्तीवर असा एखादा खोकला असणारच. त्याला "रक्त कमी" म्हणून झाकू नका.

यापुढे कुणी रक्ताचा कागद माझ्यासमोर धरला, तर मी आकडे वाचत नाही. आधी विचारतो, "खोकला किती दिवसांचा? बेडका तपासला का?" तुम्हीही तेवढेच विचारा. त्याला डॉक्टर असावे लागत नाही.

पुढच्या अंकी उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी बोलू. तोवर राम राम.